दादाची गाठ

गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा तिने ओट्यावरची कात्री घेतली आणि प्लास्टिकच्या पिशवीचा गळाच कापून टाकला. आतले बेदाणे एकमेकांना चिकटून बसले होते. बोटांनी मोकळे करत तिने ते काचेच्या बरणीत लोटले, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि रिकामी पिशवी गाठीसकट पायाशी ठेवलेल्या पोत्यात टाकली.

वहिनीच्या स्वयंपाकघरात सकाळपासून हेच चाललं होतं. वहिनी दुकानात गेली की घर मोकळं, आणि घर मोकळं मिळालं की नणंदेचे हात शिवशिवायचे. ओट्याखाली पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या निघाल्या, डाळीची जुनी पाकिटं निघाली, एका डब्यात तर नुसते रबर आणि प्लास्टिकचे तुकडे. आपल्या वसाहतीत ती दारोदार जाऊन कापडी पिशव्या वाटायची, सभांमधून बोलायची. तिचं ‘पिशवीबाई’ हे नाव मुळात दादाने चिडवायला ठेवलेलं, पण तिने ते बिल्ल्यासारखं मिरवलं होतं. दादा जाऊन वर्ष होत आलं. त्याच्या बायकोच्या घराला तरी आपल्या हातून वळण लागावं, एवढ्याच मायेने ती बरण्यांचं ओझं घेऊन आली होती.

खाली भंगारवाल्याची हाक ऐकू आली तसं तिने पोतं जिन्यावरून उतरवून त्याच्या हातगाडीवर चढवलं आणि हात झटकत वर आली.

भाची न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात उभी होती.

“आत्या, हे आमचंच घर ना? का मी शेजाऱ्यांकडे शिरले?”

“आता कुठे घरासारखं दिसतंय. बघ, काय हवं ते लांबून ओळखू येतं.”

भाची हसत हसत फळ्या बघत गेली. सगळ्यात वरच्या फळीच्या कोपऱ्याशी तिची नजर थांबली.

“इथे एक पिशवी होती.”

“बेदाण्यांची? ती काय, खाली बरणीत.”

“गाठ कशी सोडलीस?”

“सुटते कसली. कापली.”

भाचीने टॉवेल सोडला आणि उगाच दोन्ही हातांनी पिळत राहिली.

“ती बाबांनी मारलेली गाठ होती गं,” ती म्हणाली. “आई फळी पुसते ना, तेव्हा पिशवी उचलते, पुसते, परत तिथेच ठेवते. मी एकदा खायला म्हणून काढली होती. माझ्या हातातून घेतली. रागावली नाही. नुसती घेतली.”

पिशवीबाईने बरणीकडे पाहिलं. सुवाच्य अक्षरात ‘बेदाणे’. तिने नखाने ती चिठ्ठी काढायला घेतली, तर अर्धीच फाटून आली.

“आई दुपारी जेवायला येईल,” भाची हळूच म्हणाली.

पिशवीबाई तशीच चपला अडकवून निघाली.

भंगाराची वखार रस्त्याच्या पार टोकाला. वाटेत दादाचं दुकान लागायचं, म्हणून ती पलीकडच्या बाजूने, भिंतीच्या कडेकडेने गेली. त्या दुकानाची पायरी ती त्या दिवसानंतर चढलीच नव्हती. त्या दिवशीही दादाने नेहमीसारखे तिच्यासाठी बेदाणे बांधून ठेवले होते. समोर गिऱ्हाइकं उभी. तिने सगळ्यांदेखत पिशवी टराटरा फाडून बेदाणे तराजूच्या पारड्यात ओतले होते. “जगाला मी शहाणपण सांगत फिरते आणि माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानात हे. लाज वाटते मला तुझी बहीण म्हणवून घ्यायला.” दादा कानापर्यंत लाल झाला, मग हसला. “बरं, बाई,” एवढंच म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती रिकाम्या हाताने घरी गेली. चांगली अद्दल घडवली, असंच तिला वाटलं होतं. महिना उलटायच्या आत तो अचानक गेला.

वखारीत छपरापर्यंत पोती रचलेली. भंगारवाला तिला पाहून म्हणाला, “काय बाई, दिलेलं दान परत न्यायला आलात?”

“माझं पोतं कुठलं? त्यात एक गाठ आहे. ती हवीय मला.”

“कुणाची गाठ हवीय?”

“दादाची. माझ्या भावाची.”

“मग घरी जाऊन घ्या की गाठ. इथे पोत्यात कसा भेटेल तो?” आपल्याच विनोदावर तो मोठ्यांदा हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसणं त्याने तसंच गिळलं, आणि काही न विचारता पोतं ओढून जमिनीवर उपडं केलं.

ती खाली बसली. सभांमधून अशी एखादी पिशवी ती दोन बोटांच्या चिमटीत, मेलेल्या उंदरासारखी लांब धरून दाखवायची. बायका नाकं मुरडायच्या आणि तिला बरं वाटायचं. आता तीच एकेक पिशवी उचलून, तळहातावर पसरून, तोंडाशी आणून बघत होती. तेलकट, पिठूळ, कुबट. साध्या गाठी, दुहेरी गाठी, रबराचे फास. गुडघे भरून आले तरी ती उठली नाही. शेवटी पिठाने माखलेल्या पाकिटांखाली ती सापडली. पिशवीचे दोन्ही कान पिळून एकमेकांत खोचलेले, आवळून सुपारीएवढी झालेली गाठ, आणि बाजूला इवलंसं बाहेर आलेलं शेपूट. खाली कात्रीची तिरकी रेघ.

“सापडली गाठ?” भंगारवाल्याने विचारलं. या वेळी तो हसला नाही.

तिने मान हलवली.

येताना मात्र ती रस्ता ओलांडायचं विसरली.

“वन्सं, अहो, इकडे कुठे?” दुकानातून वहिनीचा आवाज आला. “आणि कपडे कशाने माखले एवढे?”

ती पायरी चढली. आत एक म्हातारबा साखरेसाठी उभे होते. वहिनी तराजूशी. पिशवीबाईची मूठ पाठीमागे गेली, चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखी.

“हातात काय आहे?”

“वहिनी, मी वरची फळी आवरली.”

एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिने मूठ पुढे करून उघडली.

वहिनीने तराजूतलं माप खाली ठेवलं. गाठीकडे पाहिलं, गाठीखालच्या कापलेल्या कडेकडे पाहिलं. पदराने उगाच गल्ला पुसला.

“कापलीत होय.”

“मला ठाऊक नव्हतं हो. तुमची तेवढीच आठवण, आणि मी मेलीने—”

“माझी कुठली,” वहिनी म्हणाली. “तुमची होती ती.”

पिशवीबाईला समजेना. वहिनीने नजरेने भिंतीकडे खूण केली. तिथे पूर्वी पिशव्यांचा जाडजूड गठ्ठा लटकायचा. आता त्या खिळ्याला दोऱ्याचं एक गुंडाळं होतं, आणि खाली कागदाचा ढीग.

“तुम्ही चिडून गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो गठ्ठा काढला. मी म्हटलं, अहो, गिऱ्हाईक कुरकुर करेल. म्हणाले, करू दे. एकच पिशवी ठेवली. बेदाणे भरले, गाठ मारली. म्हणाले, ‘दुकानातली शेवटची पिशवी हिच्याच गळ्यात मारतो. येईल, लाल होईल, चारचौघांत माझी बिनपाण्याने करेल. करू दे. मग म्हणतो, बाई, जरा खिळा बघ.’ दोन दिवस आपल्याशीच हसत होते.”

पिशवीबाई खिळ्याकडे बघत राहिली. बघताना मान अवघडली तरी खाली घालवेना, आणि खाली घातली तेव्हा वर करवेना.

“मीच द्यायला हवी होती,” वहिनी म्हणाली. तिने दोऱ्याचं टोक ओढून घेतलं आणि बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली. “तुम्ही आलात की दर वेळी मनात यायचं. पण तुमच्या हाती दिली की तुम्ही उघडणार. म्हणून वर सारली. तुमच्यापासून लपवलीच म्हणा ना.”

म्हातारबा खाकरले. वहिनीने भानावर येऊन साखर कागदात ओतली, पुडा वळला, दोरा आवळला, टोकं पिळून खोचली. सुपारीएवढी गाठ. बाजूला शेपूट.

“बाई, मागच्या वेळी घरी कात्री शोधावी लागली,” म्हातारबा म्हणाले. “तुमचे मालकही असंच बांधायचे. ही सुटते तरी कशी?”

“कात्री कशाला?” वहिनी म्हणाली. मग कुणाकडेच न बघता पुढे बोलली, “त्या पिशवीच्या वेळी मीही तेच म्हटलं होतं, वन्सं, की एवढी घट्ट आवळू नका, त्यांना सुटायची नाही. तर म्हणाले, तिला कात्री लागायची नाही. लहानपणी तिच्या बुटाची नाडी मीच बांधायचो. तिला येते.”

मुठीतल्या गाठीचं शेपूट पिशवीबाईच्या अंगठ्याला लागलं होतं. डाव्या बाजूला. तिथेच असायचं ते. उंबऱ्यावर बसून, पाय पुढे करून, नाक ओढत, दादा नसताना आपण ते कितीदा ओढलं होतं.

वहिनीने साखरेचा पुडा तिच्यापुढे सरकवला.

“ह्या आजोबांना दाखवा तेवढं, कशी सुटते ते. मी परत बांधून देते.”

पिशवीबाईने ती मूठ मिटूनच ठेवली. दुसऱ्या हाताने पुड्यावरचं दोऱ्याचं शेपूट चाचपून धरलं, आणि मान वर न करता ओढलं.