काठीला हात लावायचा नाही

पुएर्तो सेइबोच्या शिकार आणि मासेमारी मंडळात दोनच जाती, बंदूकवाले आणि गळवाले. वर्षभर एका छपराखाली बसतात, एकाच शेगडीवरचं मांस खातात, पण एकमेकांच्या पराक्रमावर कुणाचा काडीइतका विश्वास नाही. बंदूकवाल्यांच्या मते मासे धरणं म्हणजे बसल्या जागी झोप काढणं. गळवाल्यांच्या मते तित्तर मारणं म्हणजे छर्रे आभाळात उधळायचे आणि जे खाली पडेल ते आपलं म्हणायचं. दोन्हीकडचं थोडंथोडं खरं आहे.

त्या रविवारी दोरादो माशाची वार्षिक स्पर्धा होती आणि दिवस उजाडतानाच सगळे पराना नदीच्या धक्क्यावर जमले होते. मंडळाची चिटणीस चोला हातात भोंगा घेऊन उभी राहिली. मंडळाच्या बातम्या सांगितल्याशिवाय ती कुणाला पाण्यात उतरू देत नसे.

"ऐका रे! नेमबाजीचं मैदान बंद आहे, गांधीलमाश्यांनी तिथे पोळं केलंय. ज्याला फारच खुमखुमी असेल त्याने माशीवर नेम धरून दाखवावा. तित्तरांचे परवाने आलेत, पुढच्या आठवड्यात न्या. नवे सभासद, आपले दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या सौ. टाळ्या जोरात वाजवा, उद्या दाढ त्यांच्याच हातात द्यायची आहे! रिवाजाप्रमाणे नवे सभासद आज बटाटे सोलतील आणि शेगडी फुंकतील. आता जोड्या!"

जोड्या चिठ्ठ्या टाकून काढायच्या, तेही मंडळ स्थापन करणाऱ्या म्हाताऱ्याच्या जुन्या टोपीतून. निघालेली जोडी बदलून मिळत नाही. नको असेल तर गळ गुंडाळायचा आणि घरी जायचं.

गर्दीच्या कडेला बेर्नाबे एका गुडघ्यावर भार देऊन उभा होता. दुसरा गुडघा आता नावापुरताच उरला होता. पुढच्या महिन्यात तो कापायचा ठरला होता आणि डॉक्टरने बजावलं होतं, "यानंतर बोट विसरा." म्हणजे ही त्याची शेवटची स्पर्धा. मंडळाच्या शेगडीवर एक लांब वल्हं टांगलेलं आहे. दरवर्षी जिंकणाऱ्या जोडीची नावं त्यावर रंगवतात. सगळ्यात वरचं नाव बेर्नाबेच्या बापाचं. बेर्नाबे पोरगा होता तेव्हापासून त्या नावाखाली बसून जेवत आला आणि त्याचं स्वतःचं नाव मात्र तिथे कधी लागलं नाही. त्याला दुसरं काहीच नको होतं. तेवढं एकदा लागावं आणि मग गुडघा गेला तरी चालेल, असं तो मनाशी घोकत होता.

"बेर्नाबे," चोलाने पहिली चिठ्ठी वाचली. दुसरी उघडली. भोंग्यातून तिचा सुस्कारा सगळ्यांनी ऐकला. "आणि आनिबाल."

धक्क्यावर कुणीतरी शीळ घातली. बंदूकवाल्यांचा म्होरक्या रोके मोठ्याने म्हणाला, "चला, एक जोडी कमी झाली!"

आनिबाल म्हणजे बेर्नाबेच्या बहिणीचा, तेल्माचा नवरा. या दोघा मेव्हण्यांचा सहा वर्षं अबोला होता आणि त्याचं कारण गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी बेर्नाबेच्या गळाला आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला होता. तो त्याने बोटीजवळ आणला, तेवढ्यात ओलसर फळीवरून त्याचा पाय घसरला. हातातली गळाची काठी सुटणार, तोच बोटीत बसलेल्या तेल्माने मागच्या मागे ती धरली आणि लगेच परत त्याच्या हातात दिली. डोळ्याचं पातं लवलं नसेल एवढ्यात. पण मंडळाचा नियम पक्का आहे. ज्याला मासा लागला त्याच्याशिवाय काठीला कुणी हात लावायचा नाही. हात लागला तर मासा बाद. त्या वर्षी पंच होता आनिबाल. त्याने बायकोकडे बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि सांगितलं, "बाद."

त्या दिवसापासून बेर्नाबेने तोंडाला कुलूप घातलं. आनिबालचं नाव त्या वल्ह्यावर तीनदा होतं, ते त्याला आणखी डाचत असे. आणि तेल्माचे सहा वर्षं हाल झाले. नाताळचं जेवण ती दोनदा रांधायची, एकदा नवऱ्यासाठी आणि एकदा भावासाठी.

आताही तीच पुढे आली. हातातली किटली तिने आनिबालच्या पोटावर आदळली, भावाच्या डोक्यावर टोपी बसवली आणि म्हणाली, "जा. दोघांपैकी एकटाच परत आला तर जो येईल त्याला मी बुडवीन."

बोट प्रवाहात सोडली. बेर्नाबे पुढे, आनिबाल मागे इंजिनाशी. बोलायचं नाही म्हटल्यावर बोलणं थांबतं थोडंच.

"इंजिनदादा," आनिबाल म्हणाला, "काही लोकांना वाटतंय, त्या पडलेल्या झाडापाशी मासा आहे. तिथे नुसता चिखल आहे म्हणावं."

बेर्नाबेने आमिषाच्या डब्यातली जिवंत वाम उचलून डोळ्यांसमोर धरली. "तू लक्ष देऊ नकोस, बाई. नशिबाने तीनदा मासा लागला की माणसाला वाटतं, नदी आपल्याच बापाची."

यावर इंजिन फुरफुरलं आणि बोट गपचूप झाडाकडे वळली.

मग आनिबालने येर्बा, म्हणजे तिकडचा कडू चहा, करायला घेतली. सुक्या भोपळ्याच्या तुंबडीत पाला, त्यावर गरम पाणी, प्यायला धातूची नळी. एकाने ओतायचं, दुसऱ्याने प्यायचं आणि तुंबडी परत द्यायची. समोर आलेली पहिली तुंबडी नाकारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच, आणि भांडण असलं तरी बेर्नाबे काही रानटी नव्हता. त्याने घेतली आणि पिऊन परत दिली. आता पुरे झालं की परत देताना 'ग्रासियास', म्हणजे 'आभार', म्हणायचं, म्हणजे ओतणारा थांबतो. न म्हटलं तर पुढची येतच राहते. इथे बेर्नाबेची पंचाईत झाली. ग्रासियास म्हणायचं तर आनिबालशी बोलावं लागणार! ते तो मेला तरी करणार नव्हता. म्हणून तो पीत राहिला. आनिबाल ओतत राहिला. दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. किटली रिकामी होत आली तेव्हा बेर्नाबेचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं होतं आणि त्याला दुसरीच घाई लागली होती. आनिबाल मिशीतल्या मिशीत हसत होता.

शेवटी न राहवून बेर्नाबे उठला, पाठ फिरवून पँटच्या बटणांशी झटू लागला. काठी त्याने गुडघ्यांत दाबून धरली होती. त्याच क्षणी ती वाकली.

घाई कुठल्या कुठे पळाली. त्याने दोन्ही हातांनी काठी पकडली, झटका दिला आणि वीस पावलांवर पाणी फुटलं. उन्हात सोन्याची थाळी भिरकावावी तसा दोरादो हवेत आला, डोकं झाडलं आणि परत पाण्यात आदळला. दोघांच्याही तोंडून एकच शिवी निघाली. ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण सहा वर्षांत पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलले ते असं.

आनिबालने इंजिन बंद केलं, वल्ह्याने बोट झाडाच्या फांद्यांपासून दूर लोटली. मासा तिकडे शिरला असता तर दोरी तुटलीच म्हणायची. बेर्नाबे रीळ गुंडाळत होता, मासा ती उलगडत होता. खांदे भरून आले. तरी मासा हळूहळू जवळ आला, बोटीच्या कडेशी गळाजवळची तार चमकली, आणि तिथून त्याने थेट बोटीखाली बुडी मारली. काठी कमानीसारखी खाली ओढली गेली. बेर्नाबेचा फुटका गुडघा दुमडला. तो कडेवरून पुढे कलंडला, टोपी पाण्यात गेली, आणि पाठीमागे फळीवर धावत येणारी पावलं त्याने ऐकली.

"काठीला हात लावू नकोस!" तो किंचाळला.

सहा वर्षांचा अबोला असा सुटला.

"मी?" मागून आनिबाल त्याच्या दुप्पट ओरडला. "मी लावीन हात? डोकं फिरलंय का तुझं, मेव्हण्या? तू मासा बघ!"

आणि त्याने बेर्नाबेच्या कमरेचा पट्टा धरला. मुठीत घट्ट धरून, पाय कडेला रोवून, तो त्याला मागे खेचत राहिला. माणसाला धरू नये असं मंडळाच्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. तसं धरूनच त्याने बेर्नाबेला माशाशी झुंजू दिलं. मासा डावीकडे गेला की दोघं डावीकडे, उजवीकडे गेला की दोघं उजवीकडे. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन म्हातारे बोटीत नाचताहेत.

"दोरी सैल सोड!"

"मला शिकवू नकोस! तू नीट धर!"

"धरलंय! जेवण जरा कमी करत जा की!"

शेवटी मासा थकून कडेशी आडवा झाला. आनिबालने लाल निशाण वर केलं आणि पंचांची बोट आली. पंच होता इराला, फार कमी बोलणारा माणूस. त्याने माशावर मापाची फळी लावली आणि म्हणाला, "एक्क्याण्णव." सकाळपासून सगळ्यात पुढे होता रोके, चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर.

रोकेची बोटही मागोमाग येऊन ठेपली होती. "मी बघितलंय!" तो हात नाचवत म्हणाला. "आनिबाल मागून त्याच्या अंगावर पडला होता. काठीला हात लागलाच असणार. बाद करा!"

इरालाने आनिबालकडे पाहिलं. "लागला का?"

 मागे काय झालं ते बेर्नाबेने कुठे बघितलं होतं? काठीचा बुंधा त्याच्या काखेतून मागे आलेला होता. नुसतं बोट जरी घासलं असेल, तरी हा माणूस ते सांगणार. ज्याने स्वतःच्या बायकोला सोडलं नाही, तो आज आपल्याला सोडील? कडेवरून वाकून दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरून बसलेला बेर्नाबे मनातल्या मनात गयावया करू लागला. आज एकदा खोटं बोल, गाढवा. एकदाच.

आनिबालने उत्तर द्यायची घाई केली नाही. डोळे मिटले, मूठ पुढे धरून मागे-पुढे करून पाहिली. "थांबा. उजवा हात पट्ट्यात. तो शेवटपर्यंत तिथेच होता, हे बघा, बकल रुतलंय. डावा..." तो थांबला.  "डावा बोटीच्या कडेला. नंतर त्याच्या खांद्यावर. मग परत कडेला." त्याने डोळे उघडले. "नाही. लागला नाही."

"मेव्हणाच तो! असंच सांगणार!" रोके म्हणाला.

इराला इतका मोठ्याने हसला की पंचांची बोट हलली. "रोके, याच माणसाने याच मेव्हण्याचा मासा बायकोचा हात लागला म्हणून बाद केला होता. तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास. आज त्याचा शब्द तुला चालत नाही होय?" त्याने फळी खाली ठेवली. "मासा मान्य."

बेर्नाबेला रडू फुटलं. त्याने ते लपवलंही नाही. आनिबालच्या ज्या हट्टापायी त्याने सहा वर्षं या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच हट्टाने आज त्याचं नाव वल्ह्यावर चढवलं होतं. आनिबाल तेव्हा खोटं बोलला असता, तर आजच्या खऱ्याला कुणी विचारलं नसतं. मासा जिवंत पोहत गेल्याशिवाय जमेस धरत नाहीत, म्हणून बेर्नाबेने त्याला प्रवाहाच्या तोंडी धरलं. "जा राजा, जा घरी," तो पुटपुटला. माशाने शेपटी हाणली, दोघांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि तो गेला.

धक्क्यावर कल्लोळ झाला. चोलाने भोंग्यातून नाव इतक्यांदा घेतलं की भोंगा बसला. गळवाल्यांनी बेर्नाबेला खांद्यावर घेतलं. "खाली ठेवा रे," तो ओरडत होता, "आधी मला झाडामागे जाऊ द्या!" रोकेनेही, तोंड आंबट करून का होईना, हात मिळवला. दातांच्या डॉक्टरने धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी मांसाचा पहिला तुकडा बेर्नाबेच्या ताटात वाढला. वल्हं खाली उतरवलं आणि इरालाने बारीक कुंचल्याने शेवटच्या मोकळ्या जागेत दोन नावं रंगवली. बेर्नाबेने चष्मा लावून आपलं नाव वाचलं, मग वरचं बापाचं वाचलं, आणि रंग ओला आहे हे माहीत असूनही त्यावर बोट ठेवलंच. म्हणून त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर अजून फराटलेलं आहे.

जेवणं झाल्यावर तेल्माने एकाच टेबलावर दोघांच्या मधे खुर्ची ओढली आणि बसली. आनिबालने नवी किटली आणली, तुंबडी भरली, बेर्नाबेसमोर धरली. बेर्नाबेने पिऊन परत दिली. परत भरली. परत प्याला. सूर्य नदीपलीकडच्या बेटांवर टेकला, लोक घरी निघाले, आणि हे दोघं एकीकडे त्या माशाची लांबी वाढवत, एकीकडे तुंबडी फिरवत बसले होते.

"अरे, फुटशील," तेल्मा म्हणाली. "आता तर बोलतोयस ना त्याच्याशी? मग ग्रासियास म्हण आणि थांब की."

"का म्हणू?" बेर्नाबेने रिकामी तुंबडी मेव्हण्यासमोर धरली. "सहा वर्षांच्या राहिल्यात. ओत रे."