न्हाममावशीचं उत्तर

बंड मोडल्यावर चीनच्या हान फौजेने गावोगावचे काशाचे ढोल जप्त करायला सुरुवात केली. ढोल वाजला की माणसं भाले घेऊन गोळा होतात, हे त्यांनी दोन वर्षं भोगलं होतं. खोआन त्या फौजेचा दुभाष्या. त्यांच्यासारखाच डोक्यावर बुचडा बांधायचा; दात मात्र इथल्या सगळ्यांसारखे काळे रंगवलेले.

सातवं गाव त्याच्या आजोळचं होतं. तिथे वडीलधारी अशी एकच उरली होती, त्याची सख्खी मावशी न्हाम. फौजेच्या नायकाने तिला पुढे बोलावलं.

"ढोल कुठे आहे, विचार."

खोआनने विचारलं. मावशीने विड्याची पिंक टाकली.

"बुचडा शोभतोय हो तुला. सांग त्याला, मला माहीत नाही. आणि मेल्या, सुपारीच्या बागेकडे सारखा बघू नकोस."

मागच्या गावात 'माहीत नाही' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं मुंडकं अजून वेशीवर टांगलेलं होतं. खोआन म्हणाला, "नदीत टाकला, म्हणते."

"मग काढा बाहेर."

नदीला पूर होता. शिपायांनी पहिला ढकलला तो मावशीचा मुलगा, दाओ. दोनदा तो रिकाम्या हातांनी, धापा टाकत वर आला. तिसऱ्यांदा आलाच नाही. मावशी काठावर ओठ मिटून उभी होती. नायकाने पुढच्या माणसाकडे बोट केलं.

"बागेत आहे," खोआन म्हणाला. "सुपारीच्या बागेत."

"मग बाई नदी का म्हणाली?"

"ती नव्हती म्हणाली. मी म्हणालो."

दुभाष्या जिवंत हवा होता, म्हणून तीस फटक्यांवर भागलं. तोवर शिपायांनी ढोल उकरून काढला आणि घणाने फोडला. ढोलाच्या माथ्यावर घडवलेले काशाचे बेडूक तुटून चिखलात पडले.

खोआन जमिनीवर पालथा होता. मावशी जवळ येऊन उकिडवी बसली.

"मी काय सांगायला सांगितलं होतं?"

"माहीत नाही म्हणून."

"तेवढंच सांगायचं होतंस रे."

"मावशी, त्याने तुला मारलं असतं."

"मला," ती म्हणाली, आणि उठून काठाकाठाने खालच्या अंगाला चालू लागली, वाकून पाण्यात बघत.

नायकाने विचारलं, "काय म्हणते ती?"

खोआनने ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. नायकाला त्यात काही विशेष वाटलं नाही. दुपारी काशाचे तुकडे बैलगाडीत भरले आणि खोआनला गाडीपुढे चालवत फौज आठव्या गावाला निघाली.