पिंपावरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनं निळं पिंप आहे. खरं सांगायचं तर अर्धंच आहे. माझा वरचा अर्धा भाग इथून चार पावलांवर उभा आहे आणि आमची आता बोलचाल नाही. असं का झालं, ते सांगतो. सांगताना माझा आवाज चढला तर रागावू नका. मोठ्या माणसांचा शहाणपणा मी फार जवळून पाहिला आहे.

माझा जन्म एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं माझ्या पोटात कसलंसं उग्र वासाचं रसायन होतं. ते संपल्यावर वसई पूर्वेच्या एका भंगारवाल्याने मला विकत घेतलं, सोडा घालून सात पाण्यांनी धुतलं, तोंड कापून मोठं केलं आणि दुकानाबाहेर उन्हात उभं केलं. तिथून मला हर्षवर्धन आणि विनया या नवराबायकोने घरी नेलं.

तेव्हा १९९५ साल होतं. दोघांनी नालासोपारा पश्चिमेला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. जागांचे भाव आभाळाला भिडले होते, तरी घेतलं. विनया शाळेत शिक्षिका होती. तिने आईने दिलेल्या सोन्याच्या पाटल्या विकून बिल्डरला पहिली रक्कम दिली. बाकीच्या रकमेसाठी दोघांच्या नावावर कर्ज काढलं. हर्षवर्धन एका कंपनीत हिशेबनीस होता. त्याच्या पगारातून कर्जाचा हप्ता जाई आणि विनयाच्या पगारात घर चाले. ही व्यवस्था दोघांनी हसत हसत ठरवली होती. कागदावर कुणी काही लिहिलं नाही. नवराबायकोत कसला आलाय कागद!

आमच्या इमारतीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही सकाळी तासभर. हर्षवर्धन स्वयंपाकघरातला नळ सोडायचा आणि विनया रबरी पाइपाचं टोक माझ्यात धरून मोरीपाशी उभी राहायची. मी काठोकाठ भरलो की ती ओरडायची, "अहो, बास!" आणि नळ बंद. एक थेंब सांडायचा नाही. शेजारच्या फ्लॉसी आंटी कौतुकाने म्हणायच्या, "तुमचं पिंप कधी रिकामं बघितलं नाय हां मी!" मी फुगून जायचो. पुढे ज्ञानदा जन्मली. तिची पहिली अंघोळ माझ्याच पाण्याने झाली. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

मग दोघांचं बिनसलं. कशावरून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आज त्याच्या भावाला दिलेले पैसे, उद्या तिची शिकवणी, परवा नुसतीच भाजी. चार वर्षांत घरातलं बोलणं आटलं आणि दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. ते मी समजू शकतो. माणसांचं पटत नाही. पण घर? ते दोघांना हवं होतं. आणि कर्ज दोघांनाही नको होतं.

दोघांनी वेगवेगळे वकील केले. दोन्ही वकिलांनी अगदी एकच सल्ला दिला, "घर सोडू नका. सोडलंत तर ताबा गेला." झालं! वेगळी होऊ पाहणारी दोन माणसं त्याच दोन खोल्यांत अडकून बसली. बाहेरची खोली त्याची, आतली तिची आणि ज्ञानदाची. कपाटं वाटली, ताटंवाट्या वाटल्या, पंखेसुद्धा वाटले. राहिलो मी.

एका रविवारी हर्षवर्धनने ग्रिलला लावून उरलेला लाल ऑइलपेंट आणला आणि माझ्या बरोबर मध्यावर गोल रेघ मारली.

"रेघेच्या खालचं तुमचं दोघींचं, वरचं माझं," तो म्हणाला. "तू अर्धं भर. उरलेलं मी भरीन."

"चालेल," विनया म्हणाली.

चालेल? मित्रांनो, तो हिशेबनीस आणि ती गणिताची शिक्षिका! पाणी कधी खालून घेता येतं का? विनयाला तिचं पाणी हवं असेल, तर तांब्या त्याच्या पाण्यातूनच बुडवावा लागायचा. मग तो ओरडायचा, "माझं घेतलंस!" त्याने दोन तांबे जास्त घेतले आणि पाणी रेघेखाली गेलं, की ती ओरडायची. कधी ती रागाने भरायचीच नाही, कधी तो. तू राणी, मी राणी, मग पाणी कोण आणी? मी काठोकाठ भरायचा बंद झालो. माझ्या तळाला शेवाळ धरलं, पण मला घासायचं कुणी? तळ तिचा, पण शेवाळ त्याच्या आळसाचं, असा वाद होता.

एका सकाळी ज्ञानदा ब्रश घेऊन माझ्यापाशी आली. पाणी रेघेच्या वर होतं. तिने तांब्या उचलला, थांबली आणि विचारलं, "आई, मी बाबांचं पाणी घेतलं तर चालेल?"

दोघंही घरात होती. कुणीच उत्तर दिलं नाही. पोरगी तोंडात फेस घेऊन तशीच उभी राहिली. मला हात असते तर त्या दिवशी मी दोघांचे कान धरले असते.

कर्जाचंही माझ्यासारखंच झालं. हर्षवर्धनने हप्ता भरणं थांबवलं. "घर तुला हवंय ना? मग तू भर."

"राहताय ना इथे? मग तुम्ही भरा," विनया म्हणाली. "नाहीतर माझ्या पाटल्या परत द्या."

"आजवरचे सगळे हप्ते माझ्या पगारातून गेलेत."

"आणि तुम्ही जेवलात कुणाच्या पगारातून? मी घर चालवलं म्हणून तुमचा पगार हप्त्याला मोकळा राहिला!"

दोघांचंही खरं होतं. हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान गप्प तरी करता येतं.

अशात फ्लॉसी आंटींनी त्यांच्या भाच्याला आणलं. फेबियन त्याचं नाव, वसईजवळच्या गिरीज गावचा. लग्न ठरलं होतं, घर हवं होतं. त्याने सांगितलेल्या किमतीत सगळं कर्ज फिटून विनयाच्या पाटल्यांइतके पैसे वर उरत होते. दोघांनी फक्त सह्या करायच्या होत्या.

"आधी माझ्या पाटल्यांचे पैसे, मग उरलं तर वाटणी," विनया म्हणाली.

"जे उरेल ते निम्मं निम्मं. ते ठरल्याशिवाय मी सही करणार नाही," हर्षवर्धन म्हणाला.

फ्लॉसी आंटी कळवळून म्हणाल्या, "अगं बाय, सोड ना थोडं. हर्षवर्धन, तू पण सोड ना रे. आज गिऱ्हाईक दारात आलंय."

कुणी सोडलं नाही. फेबियन चहा पिऊन निघून गेला. पुढच्या वर्षभरात जागांचे भाव घसरत गेले आणि न भरलेल्या हप्त्यांवर दंडव्याज चढत गेलं. ही दोघं मात्र रोज वाकून माझ्यावरची रेघ तपासत होती! स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच.

शेवटी बँकेची नोटीस दारावर चिकटली. बँकेला 'अर्धं तुझं, अर्धं माझं' असलं काही माहीत नव्हतं. दोघांपैकी कुणाकडूनही सगळंच वसूल करू, असं तिने साफ लिहिलं होतं. तेव्हा कुठे दोघं घाबरली आणि पुन्हा फेबियनकडे गेली. त्याने अजून घर घेतलं नव्हतं. तोच फेबियन, तेच घर, पण किंमत पडलेली. आलेला पैसा अन् पैसा बँकेने घेतला, तरी कर्ज थोडं उरलंच. पाटल्याही गेल्या, निम्मं निम्मंही गेलं. कोर्टाने घटस्फोट दिला, पण उरलेल्या कर्जावर दोघांची नावं जोडीनेच राहिली. फ्लॉसी आंटी म्हणाल्या, "लग्न मोडलं, पण कर्जाचं लग्न काय मोडत नाय."

निघायच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. सवयीने हर्षवर्धनने नळ सोडला, सवयीने विनयाने पाइप धरला. पाणी लाल रेघेपर्यंत आलं, रेघ ओलांडली, काठाला आलं. विनया "अहो" म्हणाली आणि तिथेच थांबली. पाणी काठावरून सांडत राहिलं. मग त्याने न सांगता नळ बंद केला. सामान टेम्पोत चढलं. हर्षवर्धन भाड्याच्या खोलीत गेला. विनया ज्ञानदाला घेऊन बोईसरला भावाकडे गेली. ज्ञानदाची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. मी भरलेला तिथेच राहिलो.

फेबियनने घरात नवी टाकी बसवली आणि मला गिरीजला वडिलांच्या वाडीत नेऊन टाकलं. त्याचे वडील लुईस यांनी मला फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "रेघ आयतीच आहे. इथूनच कापू." करवतीने त्यांनी मला बरोबर लाल रेघेवर कापलं.

जी वाटणी दोन वर्षं होत नव्हती, ती घटकाभरात झाली. मी खालचा भाग. माझ्यात पाणी राहतं. लुईस त्यात बाजाराला न्यायची भाजी धुतात. वरच्या भागाला बूडच नाही. त्यात कितीही पाणी ओता, जमिनीत जातं. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून तो एका केळीच्या रोपाभोवती उभा केला आहे. बूड एकच असतं, मित्रांनो. ते निम्मं निम्मं होत नाही.

म्हणून एक विनवणी करतो. दोघांची मिळून एखादी वस्तू असेल तर ती जपा. वेगळं व्हायची वेळ आलीच तर रेघा मारत बसू नका. थोडं सोडा, वेळेवर सोडा. आणि त्या घरात एखादं मूल असेल, तर त्याच्या प्रश्नाला आधी उत्तर द्या.

ज्ञानदा आता मोठी झाली असेल. ती कुठे भेटली तर तिला माझा एवढा निरोप सांगा. तिने विचारलं तेव्हा मला तोंड होतं, पण हे बोलता आलं नाही: घे गं बाळ. सगळं पाणी तुझंच होतं.