शेखरच्या नावानं गेलेला मेल

रागिणीचा नवरा शेखर गेला त्याला सहा महिने झाले, तरी नर्सरीच्या खोलीतला कॉम्प्युटर तिनं उघडला नव्हता. शेंदूरजनाघाटच्या रस्त्याला लागून त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जवळची गिऱ्हाइकं फोन करत, पण नांदेड-लातूरकडची मेल लिहीत, आणि ते कुणी पाहिलेच नव्हते. ऑगस्टात कलमं उचलायचे दिवस आले, तेव्हा तिनं मन घट्ट केलं. धाकटी बहीण मोनाली अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात होती. तिला फोन लावून रागिणी शेखरच्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकेनात.

"ताई, मेल येऊन राहिले ना?"

"येऊन राहिले. पण वर 'पाठवता येत नाही' असं येतंय."

"मंग जाणारा सर्व्हर बदलला असन. नेटच्या कंपनीनं कागद दिला ना, त्यात पाह्य."

कागदावरचं सर्व्हरचं नाव रागिणीनं एकेक अक्षर पाहून टाकलं. पोर्टाचा आकडा बदलला. पासवर्ड शेखरच्या वहीत होता, तोही टाकला. 'तुमचं नाव' या रकान्यात शेखरचं नाव होतं. ते पुसायला तिचा हात धजेना. तिनं 'ठीक'वर टिचकी मारली.

खाली एक पट्टी सरकू लागली. 'पाठवत आहे, ३ पैकी १.'

"मोना, मी तर काही लिहिलंच नाही."

"आउटबॉक्समंदी जुने पडले असतीन. भाऊजीचे."

तीनपैकी दोन. रागिणी उठली, भिंतीतून येणारी नेटची वायर ओढून काढली. पट्टी तोवर संपली होती. पाठवलेल्यांत तीन नावं आली, तिन्हींवर आजची तारीख, अकरा वाजून चाळीस मिनिटं. जणू तो आत्ता इथं बसून लिहून उठला होता. खुर्चीची गादी गरम लागली. आपणच बसलो होतो, हे तिला कळत होतं, तरी ती परत बसली नाही.

दोन मेल गिऱ्हाइकांना. तिसरा किशोरला, अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये असलेल्या तिच्या दिराला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बोलणं सात वर्षं बंद होतं. किशोर मयतीला आला, लांब उभा राहिला आणि घरचं पाणीही न घेता परत गेला.

'किशोर, संत्र्याले आंबिया बहार फुटला. माय तुह्या नावानं रोज विचारते. चूक माही होती. ये.'

म्हणजे शेखर उत्तराची वाट पाहत गेला. पाठवलं, असंच त्याला वाटत राहिलं असणार.

तिनं वायर पुन्हा जोडली. अर्ध्या तासानं फोन वाजला. किशोरचा नंबर.

"वहिनी, दादाचा मेल आला."

"त्यांनीच लिहिलेला आहे भाऊजी. जानेवारीत. अडकून पडला होता, आज माझ्या हातून गेला."

"तारीख आजची हाये."

"हो."

"म्या त्याले उत्तर लिहून टाकलं. मंग ध्यानात आलं."

त्याच क्षणी कॉम्प्युटर टिंगकन वाजला. पडद्यावर किशोरचं नाव उमटलं. किशोरलाही तो आवाज गेला असावा.

"वाचू नका, वहिनी. ते त्याचं हाये."

"नाही वाचत."

"मी निंगतो आता."

परतवाडा, मोर्शी, वरूड करत तो दिवेलागणीला एसटीनं पोचला. सासूबाई, लीलाबाई, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मेलाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"शेखरनं बोलावलं का तुले?"

किशोरनं रागिणीकडे पाहिलं. मग तो मायच्या पायाशी बसला. "हो."

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं.

किशोर चार दिवस राहिला. कलमांच्या दोन गाड्या त्यानंच भरून दिल्या, पण नर्सरीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

रागिणी आता रोज सकाळी तिथं बसते. गिऱ्हाइकांना उत्तरं देते, स्वतःच्या नावानं. किशोरचं उत्तर यादीत तसंच आहे, ठळक अक्षरांत, न उघडलेलं. मोनाली म्हणाली, वेगळ्या फोल्डरात टाक. रागिणीनं फोल्डर केलंही, पण त्याला नाव काय द्यावं ते तिला सुचलं नाही.