मी, बर्फ ढकलणारा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. माझा रंग एकेकाळी हिरवा होता. आता अर्धा गंजाचा आहे, आणि उरलेल्याला हिरवा म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या तोंडाशी लोखंडाचं रुंद पातं होतं. ते खाली टेकवायचं, पुढे सरकायचं आणि लोकांच्या दारातला बर्फ बाजूला लोटायचा, हा माझा जन्मभराचा धंदा. अमेरिकेतल्या आमच्या बफेलो गावात मोठ्या तळ्यावरून वारा सुटला की सकाळपर्यंत मोटारी दिसेनाशा होतात. तेव्हा गावाला माझी आठवण व्हायची. उन्हाळ्यात कुत्रंसुद्धा विचारत नसे.

कारखान्यातून निघालो तो यूजीन नावाच्या छपरं घालणाऱ्या माणसाकडे आलो. त्यानं मला राबवलं, पण जपलंही. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, काम संपलं की ते पात्यावरून धुवायचा, बिजागऱ्यांना ग्रीस लावायचा. मी गल्लीत शिरलो की म्हाताऱ्या खिडकीतून हात हलवायच्या, कुणी गरम सॉसेज पावात घालून आणून द्यायचं. अर्थात यूजीनला. मला कोण देतंय! पुढे त्याची नजर अधू झाली आणि मी त्याच्या परसात पडून राहिलो. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

अशात एके दिवशी रोझॅन आली. चाळिशी उलटलेली, ऑफिसचा कोट, पायात नाजूक बूट. एका मोठ्या विमा कंपनीत ती वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेली होती. तिथला जीव नकोसा करणारा कारभार सोडून तिला स्वतःचा धंदा करायचा होता. यूजीन तिला खालपासून वरपर्यंत बघत राहिला.

"बाई, हा ट्रक म्हणजे काही टाइपरायटर नव्हे," तो म्हणाला.

"टाइपरायटर आता कुणीच वापरत नाही, यूजीन. तुम्ही किल्ली द्या."

तिनं किल्ली घेतली. यूजीननं जाता जाता एवढंच बजावलं, "जळका वास आला की थांबायचं. त्याचा गिअरबॉक्स म्हातारा झालाय. तेव्हा दामटलंस तर हा गेलाच म्हणून समज."

पण मित्रांनो, ऑफिस सोडलं म्हणून ऑफिस माणसाला सोडतं असं नाही. आमच्या धंद्यात थंडीच्या आधी एक काम करावंच लागतं. जमीन गोठण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाटेच्या कडेनं नारिंगी काठ्या ठोकून ठेवायच्या. बर्फ पडला की वाट कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते हे त्या काठ्याच सांगतात. माझ्या मागच्या हौद्यात काठ्यांचा भारा तयार होता. पण रोझॅननं काय केलं? प्रत्येकाला काठ्यांच्या जागांचा नकाशा पाठवला आणि लिहिलं, मान्य असल्यास कळवावे. तिच्या ऑफिसात चार जणांचा होकार आल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकत नसत. कुणीही कळवलं नाही. ती वाट बघत बसली, आणि तेवढ्यात जमीन दगडासारखी गोठली. काठी काही आत जाईना. हौद्यातला तो भारा मी रोज वाहत होतो आणि चिडत होतो.

घरी तिचा नवरा वॉल्ट. हृदयाचं ऑपरेशन झालेला, त्यामुळे चार पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा. त्याच्या औषधपाण्याचा विमा तिच्या नोकरीबरोबरच संपत होता. ऑफिसनं निरोप पाठवला होता की सोमवारपर्यंत तिची खुर्ची रिकामी आहे, परत यायचं तर या. माझ्या दाराला टेकून दोघांनी ठरवलं. लेऑनचं काम टिकलं तर धंदा चालवायचा, गेलं तर सोमवारी मुकाट्यानं ऑफिस गाठायचं. लेऑनची अंत्यविधीची जागा होती, म्हणजे मयत तिथे ठेवायचं आणि तिथूनच अंत्ययात्रा काढायची. त्याच्या मोठ्या आवाराचं हिवाळाभराचं काम म्हणजेच तिचा धंदा, बाकी सगळी किरकोळ गिऱ्हाइकं.

"आणि मी परत जावं असं तुला वाटतं का?" तिनं विचारलं.

"मला काय वाटायचंय? तू तिथून घरी येतेस तेव्हा माझ्याहून जास्त आजारी दिसतेस."

आणि नेमका शनिवारी पहाटे बर्फ कोसळला. कंबरभर! सकाळी आम्ही लेऑनच्या दारात पोचलो तेव्हा आवार म्हणजे एक पांढरी सपाट चादर. आत शवपेटी तयार, घरचे लोक कोट घालून बसलेले, चर्चमध्ये पाद्री खोळंबलेला. शववाहिका मागच्या गॅरेजात अडकलेली. वाट वळणाची, एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला बाग, आणि बागेत लेऑनच्या आईनं बसवलेली मारियामातेची मूर्ती. सगळं बर्फाखाली गडप. काठी एकही नाही.

रोझॅननं पातं टेकवलं आणि अंदाजानं पुढे घेतलं. धाड! कठड्याचा एक दगड उडाला. माझं पातं एका कोपऱ्यात वाकलं. तिनं लगेच आत लेऑनला फोन लावला.

"डावीकडून घेऊ की उजवीकडून?"

"अगं बाई, मेलेल्यांचं मी बघतो, बर्फाचं तू बघ!" लेऑन ओरडला. "वेळ बघितलास का? ही माणसं मला आज फाडून खातील!"

तिनं फोन ठेवला. मग खाली उतरली. आज ही पुन्हा ऑफिससारखी कुणाच्या तरी होकाराची वाट बघत बसणार, असं मला वाटलं होतं. पण ती पायरीपाशी गेली. तिथे टोपलीत अंत्ययात्रेच्या मोटारींवर लावायच्या जांभळ्या झेंड्या होत्या. तिनं टोपलीच उचलली. लेऑनला विचारलं नाही की कुणाला सांगितलं नाही. फावड्याच्या दांड्यानं बर्फ टोचत टोचत ती कड शोधू लागली. दगड लागला की तिथे एक झेंडी खुपसायची आणि पुढे. मूर्तीपाशी तर ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरून मारियाचं डोकं दिसेपर्यंत थांबली नाही.

मग आम्ही भिडलो. पुढे, मागे, पुढे, मागे. झेंड्यांच्या आतून ढीगच्या ढीग सरकवले. घाईघाईनं, पण एक झेंडी पडू दिली नाही. गॅरेजच्या दारासमोर शेवटचा ढीग राहिला तेव्हा माझ्या पोटातून जळका वास यायला लागला. तिलाही आला. तिनं मला थांबवलं.

मित्रांनो, मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होतो. थोडा निवू दे ग मला! पण दार उघडून घरचे लोक पायरीवर येऊन उभे होते. मयत बाईची मुलगी रडत रडत घड्याळ बघत होती. रोझॅननं तिच्याकडे पाहिलं, समोरच्या ढिगाकडे पाहिलं. तिनं कुणालाही विचारलं नाही. मलाही नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

ढीग हलला, सरकला, पार कडेला जाऊन पडला. आणि माझ्या आत काहीतरी कडकड तुटलं. नंतर इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, चाक हलेना. नेमका वाटेच्या मधोमध! शववाहिकेला आता मीच आडवा.

"ढकला याला!" रोझॅननं पायरीवरच्या लोकांना थेट हुकूम सोडला. "उभे काय राहिलात? या सगळे!"

काळे कोट घातलेले सहा पुरुष उतरले. लेऑनही आला, पाय भिजू नयेत म्हणून बुटांत पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या कोंबून. ज्यांनी पेटीला खांदा द्यायचा होता त्यांनी आधी माझ्या मागे खांदे लावले. मी हळूहळू कडेला गेलो. शववाहिका माझ्याशेजारून निघून गेली.

"दगड मोडलास माझा," लेऑन धापा टाकत म्हणाला.

"मोडला. उन्हाळ्यात बसवून देते."

"दे. आणि रात्री परत पडणार आहे म्हणतात. सकाळी लवकर ये."

तिनं माझ्यात बसूनच वॉल्टला फोन केला. "ट्रक गेला," ती म्हणाली.

पलीकडून वॉल्टचा आवाज आला, "आणि काम?"

"काम टिकलं. उद्यापुरता तुझ्या भावाचा ट्रक माग. विमा आपला आपण काढू, महाग पडला तरी. आणि सोमवारी ऑफिसला मी नाही म्हणून कळवते. कळवते म्हणजे कळवतेच, विचारत नाहीये."

आता मी तिच्या शेडमागे उभा आहे. माझं पातं सरळ करून दुसऱ्या ट्रकला लावलंय, तो चांगला मिजासखोर आहे. त्या दिवशी तिनं मला दामटलं याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? पण ती परत त्या खुर्चीवर जाऊन बसली असती तर याहून जास्त वाटलं असतं. तेव्हा मित्रांनो, यंत्राला जपा, वेळच्या वेळी तेलपाणी करा, मीठ धुवा. आणि कधी एखाद्याला पार संपवूनच काम पुरं करावं लागलं, तर करा. पण मग त्याला भंगारात घालण्याची घाई करू नका. रोझॅननं मला अजून घातलेलं नाही. संध्याकाळी दमून आली की ती माझं दार उघडते, आत बसते आणि बूट काढते. थोड्या वेळानं उठून घरात जाते.