फ्रीजरमधला डबा

मिस्त्रीने आयुष्यभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केले आणि त्याच्या स्वतःच्या घरातला फ्रीज मात्र दोन लाथा घातल्याशिवाय चालू होत नसे. दिव्याखाली अंधार, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. ती गेली आणि त्या फ्रीजचं नशीब उघडलं. मिस्त्रीने त्याची मोटर बदलली, दाराचं रबर नवं घातलं. वीज गेली की घरातली झाडून सगळी पांघरुणं तो त्याच्या अंगावर घालू लागला. फ्रीजला थंडी वाजतेय का, असं शेजारणीने एकदा विचारलं. मिस्त्री हसला नाही.

फ्रीजरमध्ये एक डबा होता. बायकोने जाण्याच्या थोडेच दिवस आधी, आजारपणातच, खिम्याचे गोळे वळून त्यात भरून ठेवले होते. कच्चेच, नुसते रश्श्यात सोडायचे. एकुलती एक लेक लांबच्या शहरात नोकरीला. तिला आईच्या शेवटच्या घटकेला पोचता आलं नव्हतं. आईच्या हातचा एक घास तरी लेकीच्या पोटात जावा, एवढी एकच इच्छा मिस्त्रीला उरली होती. हे गोळे तिच्यासाठीच केलेत, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. म्हणून त्याने डब्याला बोट लावलं नाही. स्वतः चहा-पावावर दिवस काढले. माणूस असा वेडा असतो, आणि अशा वेड्याला शहाणं करायला कोणी जाऊही नये.

अखेर लेकीला रजा मिळाली. ती आली, आईच्या रिकाम्या पलंगावर बसून रडली, आणि मिस्त्रीने तिला डब्याबद्दल सांगितलं. मदतीला उठली तर तिला परत बसवलं. आज स्वयंपाक तो करणार होता.

आता ज्याने जन्मात कधी कांदा चिरला नाही, त्याने खिम्याच्या रश्श्याला हात घालायचा म्हणजे कठीणच. त्याने गोळे खाल्ले होते भरपूर, करताना पाहिले मात्र कधी नव्हते. बाहेरच्या खोलीत काम करताना ऐकले तेवढे होते. बायको खिमा या तळहातावरून त्या तळहातावर थप् थप् आपटायची. घट्ट वळला नाही तर गोळा पातेल्यात पडताच सासर सोडतो, म्हणायची. तिचा एकही गोळा कधी फुटला नव्हता.

मिस्त्रीने कांदा थोडा जाळला, टोमॅटो घातले, तिखट घातलं. रस्सा उकळला तेव्हा एकेक गोळा जपून आत सोडला आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण उचललं तर गोळा म्हणून औषधालाही उरला नव्हता. नुसता भुगा तरंगत होता. त्याने डावाने तळ ढवळून पाहिला, एखादा तरी शाबूत सापडेल म्हणून. मग तो ओट्याला टेकला. इतके दिवस जिवापाड जपलेलं एका घटकेत मातीत घातलं होतं त्याने.

लेक आत आली. त्याने घाईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"वाट लावली गं मी," तो म्हणाला. "आईने तुझ्यासाठी केले होते, आणि मी वाट लावली."

तिने झाकण काढून पाहिलं. गॅस बंद केला.

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. आईच्या मुठीच आवळत नव्हत्या. हातातून कप सुटायचा तिच्या. तुम्हाला सांगायचं नाही, म्हणून मला शपथ घातली होती."

मिस्त्रीला ती गोळे वळण्याची दुपार आठवली. तो बाहेरच्या खोलीत कुणाच्या तरी फ्रीजची मोटर उघडून बसला होता. आतून थप् थप् आलंच नव्हतं, आणि ते आलं नाही हे त्याच्या ध्यानीही आलं नव्हतं. उलट संध्याकाळी मेव्हण्याला त्याने फोनवर सांगितलं होतं, आता बरी आहे, स्वयंपाकघरात उभी राहतेय. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायकोचा रागही आला.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं असतं तर उभं राहू दिलं असतंत?" लेक म्हणाली, "आणि ते माझ्यासाठी नव्हते, बाबा. मी फोनवर चिडले तिच्यावर, कशाला जिवाला त्रास करून घेतेस म्हणून. तर म्हणाली, तुझ्या बापाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. मी गेल्यावर सुरुवातीचे दिवस तरी उपाशी राहायला नको."

सदरा मिस्त्रीच्या अंगावर लोंबत होता. ते लेकीने आल्याबरोबर पाहिलं होतं, बोलली नव्हती. तिने ताट घेतलं, खिमा वाढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने ताट तिच्याकडे सरकवलं. तिने ते परत त्याच्याकडे सरकवलं.

त्याने एक घास खाल्ला. मग दुसरा. बायको गेली त्या दिवशीही न रडलेला माणूस आता रडू लागला, पण खायचा थांबला नाही. लेकीने पाणी पुढे केलं आणि सावकाश खा म्हणाली.

"भूक लागली होती गं मला," मिस्त्री म्हणाला.