डावीकडचा तिसरा हुक

एझ्राने धुण्याच्या टोपलीत मोजा फेकला आणि तो टोपलीच्या डाव्या काठाला लागून बाहेर पडला, तेव्हा मला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली. त्याने दुसरा मोजा फेकला. तोही डावीकडे. मग तो उठला, दोन्ही मोजे उचलले, वाकून टोपलीत ठेवले आणि माझ्याकडे न बघता आपल्या खोलीत गेला. एकोणीस वर्षांचा, सहा फूट सात इंचांचा माझा मुलगा, ज्याने बारा वर्षांत या टोपलीत एक मोजा चुकवला नव्हता, तो आता मोजे हाताने ठेवत होता.

बास्केटबॉलच्या व्यावसायिक टीम नवी पोरं निवडतात, त्या ड्राफ्टला दहा दिवस राहिले होते.

मी रोझलिन पेटिफर्ड. मन्सी गावात शाळेची बस चालवते, आणि एझ्रा सात वर्षांचा असल्यापासून चर्चच्या जिममध्ये त्याच्या बास्केटखाली उभी राहून बॉल परत देते. तो मारतो, मी मोजते. आमचा नियम एकच, माझ्या वडिलांपासून चालत आलेला: शेवटचा बॉल आत गेल्याशिवाय जिम सोडायची नाही. चुकलेला बॉल मागे टाकून निघालात तर तो तुमच्या मागे घरी येतो, असं ते म्हणायचे. आमच्या गावात हे सगळेच पाळतात. एकदा वादळात वीज गेली, तर मी बस जिमच्या दाराशी आणून दिव्यांचा उजेड आत सोडला होता, एका बॉलसाठी. शेजारीपाजारी मला वेडी म्हणाले. म्हणू देत.

आता ड्राफ्टचं सांगते. कायद्याने पाहिलं तर मुलाला कुणी विचारत नाही. टीम ओळीने बसतात, ज्याचा नंबर येईल त्याने हवा तो मुलगा उचलायचा. पण हे झालं वरवरचं. आतून प्रत्येक जण आपलं घोडं दामटत असतो. कुणी नको त्या टीमच्या चाचणीला जातच नाही, कुणी डॉक्टरचे कागद दाखवत नाही, आणि एजंट लोक दिवसभर फोनवर कुजबुजतात. आमचा एजंट कर्टिस यात मुरलेला. त्याने आमच्या स्वयंपाकघरात बसून, मी भाजलेला पीचचा गोड कॉबलर दोनदा घेऊन, सगळं समजावलं. बाराव्या नंबरवरच्या टीमने शब्द दिला होता: आमच्यापर्यंत आला तर आमचाच, आणि पहिल्या दिवसापासून खेळवू. ते समुद्राकाठचं गाव, तिथे माझी बहीण ओडेसा राहते. आम्ही त्यांना समुद्रवाले म्हणायचो. पण नवव्या नंबरवर उत्तरेची टीम होती, ते बर्फवाले. त्यांचा कोच पोरांना बाकावर बसवून गंजवतो अशी त्याची ख्याती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी उचललेला असाच एक नेमबाज आता टायर विकतो.

"मग त्यांच्या चाचणीला जायचंच नाही," मी म्हटलं.

"ते नाही चालायचं हो," कर्टिस म्हणाला. "त्यांचा मालक महाचिडका. नाही गेलो तर निव्वळ जिरवायची म्हणून उचलेल. जायचं, हसायचं, हात मिळवायचा. फक्त फार चमकायचं नाही."

"चमकायचं नाही काय? सरळ चुकव ना रे," मी एझ्राला म्हटलं. "धडाधड चुकव. म्हणतील, हा कसला नेमबाज!"

हे मी म्हटलं. कर्टिसने नाही, मी. कर्टिस टेबल बडवून हसला. एझ्रा हसला नाही.

"आई, मला चुकवता येत नाही."

"त्यात येण्यासारखं काय आहे? सगळं जग चुकवतं."

बर्फवाल्यांकडून निघाल्यावर त्याने विमानतळावरून फोन केला. "शंभरातले एकेचाळीस," तो म्हणाला. एरवी तो चौऱ्याऐंशीच्या खाली येत नाही. मी बसच्या डेपोत सगळ्यांसमोर नाचले. कसं जमवलंस विचारलं, तर म्हणाला, "नेम धरल्याशिवाय बॉल हातातून सुटतच नाही गं. मग मी नेमच दुसरा धरला. रिंगला जाळी अडकवायचे हुक असतात ना? समोरून डावीकडे तिसरा. त्याच्यावर मारत राहिलो."

"आणि शेवटचा?"

"चुकला," तो म्हणाला. "निघताना आत मारला असता तर त्यांना कळलं असतं ना."

मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण मी म्हटलं, बरं केलंस.

परत आल्यावर सोमवारी आम्ही चर्चच्या जिममध्ये गेलो. पहिल्या दहात दोन आत. टण्, टण्, बाकीचा प्रत्येक बॉल त्याच तिसऱ्या हुकावर. आधी आम्ही दोघं हसलो. विसाव्यापर्यंत तो एकटा हसत होता, आणि चाळिसाव्याला जिममध्ये फक्त बॉलचा आवाज. तीन तास झाले. त्याचा टी-शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि शेवटचा बॉल आत गेल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नव्हतं.

"अगदी जवळ जाऊन टाक," शेवटी मीच म्हटलं. त्याने बास्केटखाली येऊन, दोन बोटांनी ढकलून, लहान मुलासारखा बॉल आत टाकला.

"हा धरायचा?" त्याने विचारलं.

"धरायचा," मी म्हटलं. माझ्या वडिलांनी धरला नसता.

मग आम्ही काय काय नाही केलं! बॉल बदलला, बूट बदलले, शाळेच्या जिमची किल्ली माझ्याकडे असते म्हणून जिम बदलली. डोळे मिटून मारायला लावलं, तर मिटल्या डोळ्यांनी जास्त गेले, आणि त्याने मी आणखीच घाबरले. हात तोच, कोपर तसंच, श्वास तसाच. बॉल मात्र सांगितल्यासारखा त्या हुकावर जायचा. जणू एकोणसाठ वेळा त्या हाताला कुणी बजावलं होतं आणि हात ऐकून बसला होता. बजावलं होतं मी.

आणि मग तो मोजा. त्या दिवशी मला कळलं की हे जिमपुरतं राहिलेलं नाही, घरात आलं आहे.

दुसऱ्या दिवशी कर्टिसचा फोन. अजून तीन टीमच्या चाचण्या ठरल्या होत्या. मी म्हटलं, एझ्रा आता कुणाकडे जाणार नाही. मला वाटलं ओरडेल. तो खूशच झाला.

"क्या बात है, रोझलिन! आता सगळे म्हणणार, याला कुणीतरी शब्द दिलाय. भाव वाढला बघा पोराचा. तुम्ही माझ्या धंद्यात यायला हव्या होतात!"

त्याला खरं सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर त्याला समुद्रवाल्यांना सांगावं लागलं असतं, आणि ते पहिल्या दमात हात वर करून मोकळे झाले असते. मी नाही सांगितलं. जे लोक माझ्या मुलाला विश्वासाने घेणार होते त्यांनाही मी फसवायला निघाले होते. मला भीती गाडीबंगला जाईल याची नव्हती. या मुलाला दुसरं काही येत नाही, आणि मीच त्याला दुसरं काही शिकवलं नाही. हे गेलं तर तो सकाळी उठून करणार काय, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. तो जेवायचा नाही नीट. आरशासमोर उभा राहून रिकाम्या हाताने बॉल मारायचा, आणि मनगट सुटलं की आरशाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघायचा.

न्यूयॉर्कला ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही गोल टेबलाशी बसलो होतो. एझ्राला जांभळा सूट, मला ओडेसाने पाठवलेली टोपी. आठ नावं झाली. नववा नंबर बर्फवाल्यांचा. कर्टिस माझ्या कानाशी म्हणाला, "यांना मोठा पोरगा हवाय, बास्केटखाली खेळणारा. आपण बारावर." मी टेबलाखाली एझ्राचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

त्यांनी एझ्रा पेटिफर्ड हे नाव घेतलं.

लोक टाळ्या वाजवत होते. कर्टिसचं तोंड उघडं ते उघडंच. एझ्रा उठला, मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "आई, त्यांना कळलं तर?" मग तो पायऱ्या चढून गेला, त्यांच्या टीमची टोपी घातली, हसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते. ते हसू नव्हतं.

थोड्या वेळाने फोन आला. बर्फवाल्यांचा म्हातारा पारखी, हॅलोरन. चाळीस वर्षं पोरं निवडायचं काम करतो. चाचणीच्या दिवशी हा एकटा कोपऱ्यात कागदी कपातला बर्फ चावत बसला होता, असं एझ्राने सांगितलं होतं. एझ्राने फोन आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"काय रे लबाडा," म्हातारा खदाखदा हसत होता. "आम्हाला टाळत होतास होय? अरे, ज्याला येत नाही त्याचे बॉल चहूकडे जातात. तुझे एकोणसाठ चुकले, आणि एकोणसाठच्या एकोणसाठ एकाच हुकावर! असा नेम मी जन्मात पाहिला नाही. आमचे सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, हा पोरगा घेतला नाही तर माझा राजीनामा घ्या. उद्या ये. आता नाटक पुरे."

"येस सर," एझ्रा म्हणाला.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढ्यावर भागलं असतं तर मी हसले असते. पण आपल्या मुलाची खरी किंमत ओळखणारा एकच माणूस जगात निघाला, आणि त्याने ती ओळखेपर्यंत ती गेलेली होती. रात्रभर मला त्याचं हसणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या जिममध्ये फोटोवाले जमले होते. चाचणी झाली होती तीच जिम. हॅलोरन पुढे आला. लहानखुरा, दात पिवळे, कोट जुनाच. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मॅडम, पोरगा छान वाढवलात. खोटं बोलताना सुद्धा नेम सोडत नाही!" मग बॉल एझ्राकडे टाकला. "ती बघ, तुझी बास्केट. एक आत टाक, म्हणजे यांचे फोटो होतील आणि आपण जेवायला जाऊ."

मी म्हटलं, मी बास्केटखाली उभी राहू का? त्याला ते फार आवडलं. फोटोवाल्यांनाही.

एझ्राने बॉल दोनदा आपटला, श्वास घेतला, मारला. टण्. तिसरा हुक.

सगळे हसले. हॅलोरन सर्वांत मोठ्याने. "बघा, अजून चिडवतोय म्हाताऱ्याला!" मी बॉल परत दिला. टण्. पुन्हा हसले, जरा कमी. तिसरा. चौथ्याला कुणीच हसलं नाही. एका फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

एझ्राने माझ्याकडे बघितलं. तो सात वर्षांचा असताना पहिल्यांदा हरला होता, तेव्हाचा चेहरा होता तो. हॅलोरनने हुकाकडे पाहिलं, मग एझ्राच्या हाताकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर थाप तयार होती: प्रवासाचा शीण, झोप नाही झाली. या माणसाने माझ्या मुलासाठी आपली नोकरी पणाला लावली होती. मला ती थाप मारवेना. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

त्याने बाकावरचा आपला बर्फाचा कप उचलून खुळखुळवला आणि परत ठेवला. तो वळून म्हणाला, "चला मंडळी, जेवण मांडलंय. जा, जा, गार होतंय." दार बंद होईपर्यंत तो तिकडेच तोंड करून उभा होता. मग माझ्याजवळ आला.

"कधीपासून?"

"इथून गेल्यापासून," मी म्हटलं. "शेवटचा मुद्दाम चुकवून निघाला. मीच सांगितलं होतं."

"चुकवून निघाला?" चर्चमध्ये बोलतात तसा तो हळू बोलला. "इथून? चुकलेल्यावर?" त्याचा चेहरा राखेसारखा झाला. शेवटच्या बॉलचा नियम त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. मलाही त्याला काही विचारायची गरज नव्हती, कारण तो आमच्यातलाच होता आणि आमच्याइतकाच घाबरला होता.

त्याने कोट काढला, घडी करून जमिनीवर ठेवला आणि बास्केटच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"डावीकडे येतो बॉल," मी म्हटलं.

तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. पुढचा बॉल त्यानेच पकडला. त्यापुढचा मी. दारावर कुणीतरी टकटक केली, कोच वाट बघतोय म्हणून. हॅलोरनने वळूनही पाहिलं नाही.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"अकरा," मी म्हटलं, आणि बॉल एझ्राकडे फेकला.